साय-फाय गेममधलं सैनिकवाहू जहाज: 800 जवान नेमके ठेवायचे कुठे?

परळचा_पायलट

नमस्कार मंडळी, एक प्रश्न डोक्यात अडकलाय म्हणून इथे टाकतोय. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, एक रविवार सोडून एक रविवार दादरला मित्राच्या घरी ट्रॅव्हलर खेळतो (अंतराळातला, टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा रोल-प्लेइंग गेम), सात-आठ महिने झाले, मी रेफरी, म्हणजे गोष्ट चालवणारा. नियम ट्रॅव्हलरचे पण ग्रह-तारे सगळे आमचे स्वतःचे, नावं किल्ल्यांवरून ठेवलीयत. आता स्टोरी अशा ठिकाणी आलीय की खेळाडूंना 800 जवानांची एक बटालियन 2 पार्सेक (एक पार्सेक म्हणजे साधारण सव्वातीन प्रकाशवर्षं) लांब पद्मदुर्ग नावाच्या ग्रहावर न्यायची आहे आणि उतरल्या उतरल्या तिथलं बंदर ताब्यात घ्यायचंय.

ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ट्रॅव्हलरमध्ये जहाजाचा टन म्हणजे वजन नाही, जागा. एक टन वजनाचा द्रव हायड्रोजन जेवढी जागा घेईल तेवढी, साधारण 14 घनमीटर. राहायची खोली म्हणजे स्टेटरूम 4 टनांची आणि माणसाला गोठवून झोपवायचा लो बर्थ फक्त अर्ध्या टनाचा. जंप, म्हणजे एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे मारायची उडी, 1 पार्सेकची असो की 6 ची, आठवडाभर लागतोच.

तर आमच्यातल्या एकाने कॅल्क्युलेटर काढला, एका खोलीत दोघे धरले तरी 400 खोल्या म्हणजे 1600 टन, लो बर्थ घेतले तर 400 टनांत विषय संपला, मग सगळ्यांनाच गोठवा, तिकडे गेल्यावर उठवा आणि लढायला पाठवा. गणितात काहीच चूक नाहीये. पण मला हे पटत नाहीये आणि का पटत नाहीये ते टेबलावर सांगता आलं नाही. 800 माणसांचा प्रवास एका वाक्यात संपला, ते जहाज म्हणजे नुसता फ्रीज झाला. कुणी सैन्याची जहाजं गेममध्ये नीट वापरली असतील तर सांगा प्लीज, खरोखरच्या इतिहासातलं काही असेल तरी चालेल.

चाळकरी_लालबाग

भावा मस्त प्रश्न. आधी जागेचं बोलू कारण मला वाटतं तुमची खरी चूक तिथे आहे. 4 टन म्हणजे 56 घनमीटर, छत 3 मीटर धर, म्हणजे जमीन झाली साडेअठरा चौरस मीटर, आपल्या भाषेत 200 स्क्वेअर फूट. बीडीडी चाळीतली खोली 160 ची! तिथे अख्खी कुटुंबं वाढली आणि तुम्ही 200 मध्ये दोन जवान ठेवून वर म्हणताय जागा पुरत नाही.

माझे आजोबा गिरणीत होते, लग्नाआधी गावकीच्या खोलीवर राहायचे. एका गावची वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाची ट्रंक भिंतीला, आणि झोपायचं पाळीप्रमाणे, रात्रपाळीवाला सकाळी आला की दिवसपाळीवाल्याने गुंडाळलेल्या वळकटीच्या जागी त्याची पथारी. जेवण खानावळीत. गिरणगावात हजारो माणसं अशी जगली, वर्षानुवर्षं, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर उभी राहिली. मग सात दिवसांसाठी जवान का नाही राहणार?

आणि हे जहाजांवर खरंच झालंय. क्वीन मेरी हे मुळात दोनेक हजार प्रवाशांचं आलिशान जहाज, दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी घेतलं आणि जुलै 1943 मध्ये न्यूयॉर्कहून ब्रिटनला निघालं तेव्हा त्यावर 16,683 माणसं होती. एकावर एक बंक, आणि तेही पाळीने झोपायला. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जहाजाचे लाल, पांढरा, निळा असे तीन भाग पाडलेले, जवानाला त्या रंगाचा बिल्ला, आणि त्याने आपल्याच भागात राहायचं, कारण एवढी माणसं मोकळी फिरली तर जिनेच तुंबतील. हे थेट गेममध्ये उचल, खेळाडूंना वेगवेगळ्या रंगाचे बिल्ले दे आणि मग त्यांना दुसऱ्या भागात कुणालातरी भेटायची गरज पाडून बघ.

हिशोब करायचा तर 800 जवान, तीन पाळ्या, म्हणजे एका वेळी 267 बंक लागतील, एका खोलीत तिमजली चार रांगा म्हणजे 12 बंक, म्हणजे 23 खोल्या, 92 टन. लो बर्थच्या पाव जागेत बटालियन झोपली, जिवंत आणि जागी.

गोदीकर_लेक

चाळकरींचं वाचून बरं वाटलं पण मला झोपण्यापेक्षा उतरण्याचं जास्त बोलायचंय. माझे बाबा गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद करणारे, होते, लहानपणापासून एकच ऐकलंय, जे आधी उतरवायचं ते शेवटी भरायचं. साधा माल भरताना जागा वाचवायला भरतात पण सैन्याचं जहाज भरताना उतरण्याच्या क्रमाने भरायला लागतं, त्यात जागा वाया जाते आणि जाऊ द्यायची असते. 1915 ला पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीवर उतरायच्या वेळी ब्रिटिशांची जहाजं उलटसुलट भरलेली निघाली, तोफा एका जहाजात त्यांचं सामान दुसऱ्यात, शेवटी ती इजिप्तला अलेक्झांड्रियात नेऊन रिकामी करून परत भरली, तोवर समोरच्याला तयारीला आठवडे मिळाले. तुझ्या खेळाडूंना विचार की 400 टनांचे लो बर्थ दाराच्या बाजूला आहेत की दारूगोळ्याच्या मागे.

आणि आपल्याच मुंबईतली एक गोष्ट आहे जी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे. 16 ऑक्टोबर 1914 ला मुंबईहून इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स बी ही ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याची फौज निघाली, साधारण 8,000 माणसं, पूर्व आफ्रिकेतलं जर्मनांच्या ताब्यातलं टांगा बंदर घ्यायला. तुझ्या मिशनसारखंच बघ, जहाजाने जायचं, उतरायचं, बंदर घ्यायचं. त्यातल्या कितीतरी जवानांनी आधी समुद्र पाहिलेला नव्हता, गर्दीच्या जहाजात दिवसच्या दिवस, उलट्यांनी गळून गेलेले, आणि वाटेत मोंबासाला उतरवून विश्रांती द्यावी असं सुचवलेलं असताना दिली नाही. 2 नोव्हेंबरला उतरायला सुरुवात झाली आणि 5 ला परत जहाजावर चढले. समोर शेवटी शेवटी जेमतेम हजारेक माणसं होती. मशीनगन, रायफली, काडतुसं किनाऱ्यावरच राहिली आणि ती जर्मनांनी पुढे वापरली. हरण्याची कारणं बरीच आहेत, टेहळणी झाली नव्हती, सरप्राइज गेलं होतं, पण प्रवासात माणूस खचला हे त्यातलं मोठं कारण आहे आणि ते बोटीतल्या त्या दिवसांत घडलं. मला त्या जवानांबद्दल फार वाईट वाटतं, बॅलार्ड पियरच्या बाजूने जाताना डोक्यात येतंच.

म्हणून गोठवलेल्या बटालियनचंही तेच विचार, उठल्यावर त्यांची अवस्था काय? नियमातच आहे ना, लो बर्थमधून उठवताना मेडिकचा रोल लागतो, म्हणजे डॉक्टरसाठी फासे टाकायला लागतात, आणि बिघडला तर माणूस जातो. 800 रोल कोण करणार?

अजून एक, दारूगोळा कशाच्या शेजारी ठेवलाय ते लिहून घे. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं त्याच्या पोटात स्फोटकं होती आणि कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. विझवायला गेलेले 66 अग्निशमन जवान गेले, म्हणून 14 एप्रिलला अग्निशमन दिन असतो. बाबा दर वर्षी सांगायचे.

कुलाबा_सिग्नल

चाळकरी, तुमच्या 92 टनांत एक गडबड आहे. स्टेटरूमच्या 4 टनांत नुसती खोली नसते, पॅसेज, बसायची जागा, हवा-पाण्याची यंत्रणा यांचा वाटा त्यातच धरलेला असतो, तोही दोघांपुरता. तुम्ही एका खोलीमागे 36 माणसं लावलीत, बंक मावतील पण हवा कुठून येणार? आणि बीडीडीची खोली 160 ची असली तरी बाहेर व्हरांडा होता, संडास खोलीबाहेर मजल्यावर सामायिक, खाली मैदान, आणि नळाला पाणी पालिकेचं. अंतराळात हे सगळं जहाजालाच पुरवायला लागतं.

तरी आकडे वाटतात तितके भयंकर नाहीत. माणसाला दिवसाला साधारण 0.84 किलो ऑक्सिजन लागतो, 800 जणांचा सात दिवसांचा 4,700 किलो, द्रवरूपात ठेवला तर चारेक घनमीटर, म्हणजे गेममधल्या एका टनाचा तिसरा भागही नाही. त्रास ऑक्सिजनचा नाही, कार्बन डायऑक्साइड काढायचा आणि उष्णतेचा. नुसता बसलेला माणूस 100 वॉटच्या बल्बएवढी उष्णता सोडतो, 800 म्हणजे 80 किलोवॅट, व्यायाम केला तर कितीतरी जास्त, आणि बाहेर हवा नाही त्यामुळे ती फक्त रेडिएट होऊनच जाणार. मी तर हाऊस रूल, म्हणजे आपल्या टेबलापुरता नियम, म्हणून जागत्या जवानाला सगळं धरून 1 टन लावेन. म्हणजे 800 टन, लो बर्थच्या दुप्पट आणि स्टेटरूमच्या निम्मे. 2000 टनी जहाज घेतलंत तर जंप-2 ला (2 पार्सेकच्या उडीला) 20 टक्के म्हणजे 400 टन इंधन आधीच गेलं, त्यामुळे खेळाडूंना खरोखर ओढाताण करायला लागेल.

दुसरं, एकाच जहाजात सगळं भरू देऊ नकोस, किंवा भरू दे आणि मग काय होतं ते दाखव. 1982 ला अर्जेंटिनाशी फॉकलंड बेटांसाठी झालेल्या युद्धात ब्रिटनने प्रवासी जहाजंच सैन्यासाठी घेतली, कॅनबेरा, क्यूई-2. तिथली फ्लॅगशिप, म्हणजे ताफ्याचं मुख्य जहाज, होती एचएमएस हर्मिस, तीच 1987 ला आपली आयएनएस विराट झाली, 2017 ला मुंबईत निवृत्त झाली, माझ्यासारख्या कुलाब्यात वाढलेल्याने ती किती वेळा पाहिलीय सांगता येणार नाही. तर त्या युद्धात 25 मेला अटलांटिक कन्व्हेयर नावाच्या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्रं आदळली, तीन दिवसांनी ते बुडालं आणि त्याच्याबरोबर तीन चिनूक हेलिकॉप्टर गेली, एकच हवेत होतं म्हणून वाचलं. परिणाम काय तर जे सैन्य हेलिकॉप्टरने पुढे जाणार होतं त्यातलं बरंचसं पाठीवर ओझं घेऊन अख्खं बेट ओलांडून चालत गेलं. आणि 8 जूनला सर गॅलाहॅडवर जवान उतरायची वाट बघत बसलेले असताना विमानं आली, 48 माणसं गेली. उतरायला उशीर झाला, एवढंच. तुझ्या स्टोरीत जंप संपल्यापासून शेवटचा जवान दाराबाहेर पडेपर्यंतचा वेळ मिनिटात मोजायला लाव, सगळी मजा त्यात आहे.

परळचा_पायलट

अरे तुम्ही सगळ्यांनी डोळेच उघडलेत, मनापासून थँक्यू. गोदीकर ताई, टांगाचं मला अजिबात माहीत नव्हतं, काल रात्री घरी आईलापण वाचून दाखवलं.

काल बसून हाऊस रूल लिहिला. एक डॉक्टर एका तासात एका जवानाला उठवतो. जहाजावर 8 डॉक्टर धरले तर 800 जणांना 100 तास, म्हणजे चार दिवसांपेक्षा जास्त, जहाज तोवर कक्षेत उभं, सगळ्यांना दिसतंय. त्यामुळे सगळे गोठवले तर जागा वाचते पण सरप्राइज जातं. म्हणून 200 जण जागे ठेवायचे, पहिल्या लाटेचे, त्यांचे 200 टन, आणि 600 गोठवलेले, 300 टन, एकूण 500. रोल प्रत्येकाचा नाही, दर 50 चा एक. जागत्यांना रंगाचे बिल्ले, पाळीने झोप, आणि खेळाडूंचे कॅरेक्टर त्यांच्यातच ठेवणार.

एकच अडलंय, ते 200 जण सात दिवस करणार काय?

चाळकरी_लालबाग

कुलाबा, पॅसेजचं मान्य, तेवढं मी धरलंच नव्हतं. पायलट, आजोबा सांगायचे की गावकीच्या खोलीवर भजन असायचं, पत्ते असायचे आणि गावाला पत्र लिहून द्यायला एक शिकलेला माणूस असायचा, सगळे त्याच्याभोवती. एका खेळाडूला तो पत्र लिहिणारा कर. उतरायच्या आदल्या रात्री त्याच्याकडे रांग लागेल, आणि पहिल्या लाटेतल्या निदान दहा जणांची नावं आणि घरचं त्या एका रात्रीत टेबलावर सगळ्यांना कळेल.

गोदीकर_लेक

हे भारी आहे. आणि ती पत्रं कुठल्या पेटीत, पेटी कुठल्या होल्डमध्ये (जहाजातल्या मालाच्या कप्प्यात), तेही लिहून ठेव.