प्रति: डिझेल लोको आणि ऑग्सबर्ग

'ऑग्सबर्गचा संबंध रुडॉल्फ डिझेलपुरताच, लोको तर म्युनिक-कासेलचे' हे या चर्चेत आलेलं मत अर्धवट आहे. (लोको म्हणजे गाडी ओढणारं रेल्वे इंजिन; म्युनिक आणि कासेल ही ते बनवणारी जर्मन शहरं, तर ऑग्सबर्ग या जर्मन शहरात रुडॉल्फ डिझेलने आपलं इंजिन घडवलं.)

17 फेब्रुवारी 1897 च्या चाचणीत डिझेलच्या ऑग्सबर्गमधल्या इंजिनाने 26.2 टक्के कार्यक्षमता दाखवली. सिलिंडर एकच, व्यास 250 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 400 मिमी. पण ते इंधन दाबलेल्या हवेने आत फुंकायचं, म्हणजे सोबत कॉम्प्रेसर आलाच. रुळावरच्या गाडीत हे वजन आणि ही गुंतागुंत परवडत नाही. कॉम्प्रेसरशिवाय थेट इंधन फवारणारं ऑग्सबर्गच्याच मान (MAN) कंपनीचं ट्रक इंजिन 1924 मध्ये आलं, आणि माझ्या मते रेल्वेसाठी खरी वाट तिथे मोकळी झाली.

आता व्ही 200 हा जर्मन डिझेल लोको. लोको म्युनिकच्या क्राउस-माफाय कंपनीचा, पण इंजिन मान, मायबाख किंवा डाइमलर-बेन्झ यांपैकी कुणाचंही बसायचं. प्रत्येकी साधारण 1100 अश्वशक्तीची दोन इंजिनं. मानचं एल12व्ही18/21 म्हणजे 12 सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) 180, स्ट्रोक 210 मिमी. नावातच माप आहे. जोडणीची मापं ठरलेली असल्यामुळे शेडमध्ये एकाचं काढून दुसऱ्याचं बसवता यायचं. देखभालीच्या दृष्टीने ही फार मोठी सोय.

मानचं हेच इंजिन ग्लासगोत नॉर्थ ब्रिटिश या लोको कंपनीने परवान्याखाली बनवलं, आणि तिथे ते बदनाम झालं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणारे नळ) गळायचे, धूर थेट चालकाच्या केबिनपर्यंत यायचा. तो दोष ऑग्सबर्गच्या आराखड्याच्या माथी मारण्याआधी जर्मनीतली तीच इंजिनं कशी चालली, तेही बघावं.