मालदांडीचं चॉकलेट माल्ट: गुठळ्या का होतात?

प्रश्न: इथे सोलापुरात माल्टसाठी (मोड आलेल्या धान्याच्या पिठासाठी) मालदांडी ज्वारीला मोड आणून, वाळवून, भाजून दळली. १०० ग्रॅम पिठात २० ग्रॅम कोको, ६० ग्रॅम पिठीसाखर. गरम दुधात गुठळ्या होतात, तळाशी गाळ बसतो. काय करावं?

उत्तर १: बाजारच्या पावडरीत बार्ली माल्टचा वाळवलेला अर्क असतो, तो विरघळतो. तुमचं पीठच आहे, शिजवावंच लागणार. दोन चमचे पाव कप थंड दुधात कालवा, उरलेलं दूध ओतून मंद आचेवर ५ मिनिटं ढवळत उकळा. कोको आधी चाळा.

उत्तर २: गुठळ्यांचं नंतर बघा हो! कोंब-मुळं चोळून, पाखडून काढली का? ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. पोरांसाठी असेल तर सरळ नाचणी घ्या.