चंद्रपूर जिल्ह्याचा कार्बन कुणाच्या खात्यात मांडायचा?

वर्धाकाठ:
मी चंद्रपूरला भूगोल शिकवते. 'आपला जिल्हा कमी कार्बनच्या वाटेवर किती पुढे गेला' हा प्रकल्प मुलांना दिला. त्यांनी सौरपंप, छतावरचे पॅनल, ई-रिक्षा मोजल्या आणि प्रगती उत्तम असं लिहून आणलं. मला ते पटत नाही, कारण इथल्या दुर्गापूरच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमण्या अजून तशाच धूर सोडताहेत. पण या थर्मलचा सगळा धूर जिल्ह्याच्या माथी मारणंही अन्याय वाटतो. वीज तर राज्यभर जाते. मोजायचं कसं?

संच_पाच:
मॅडम, मी थर्मलमध्येच होतो. आधी मुलांना मेगावॅट सोडायला सांगा आणि युनिट धरायला लावा. सौरचा 1 मेगावॅट वर्षाला साधारण 16 लाख युनिट देतो. कोळशाचा 60 टक्के भारांकावर, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या 60 टक्के वीज देत चालला, तर 52 लाखांच्या वर. म्हणून नुसती क्षमता वाढलेली दाखवली की चित्र फसवं होतं.

आपलं केंद्र 2920 मेगावॅटचं. तोच भारांक धरला तर वर्षाला सुमारे 1500 कोटी युनिट. कोळशाच्या एका युनिटमागे ढोबळ 1 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दीड कोटी टन. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 22 लाख. एका केंद्रामुळेच माणशी जवळपास 7 टन! देशाची सरासरी 2 टनांच्या आसपास आहे. केंद्रनिहाय उत्सर्जन केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करतं. माझा हिशोब ढोबळ आहे, मुलांनी तिथले आकडे घ्यावेत.

राजुऱ्याचा:
सिमेंट विसरू नका. कोरपना-राजुरा पट्ट्यात उद्या सगळी वीज सौर झाली तरी चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटणार. टनभर क्लिंकरमागे (चुनखडी भाजून होतो तो सिमेंटचा मूळ माल) अर्धा टन तर नुसत्या दगडातला, इंधनाचा वेगळा. तिथे खरी प्रगती म्हणजे क्लिंकर कमी वापरणं. थर्मलची राख त्यासाठीच सिमेंटमध्ये जाते.

वर्धाकाठ:
मग मी दोन वह्या करायला सांगते. एकीत जे जिल्ह्यात जळतं ते सगळं. दुसरीत जिल्हा स्वतः जेवढी वीज वापरतो तिचाच कार्बन. मुंबईने 2050 पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचं, उद्दिष्ट ठेवलंय, चांगलंच आहे. पण तिथल्या दिव्यासाठी इथे जळलेला कोळसा त्यांच्याही वहीत दिसलाच पाहिजे. राख, धूळ, उन्हाळा सोसायचा आम्ही, आणि मागासलेला जिल्हाही आम्हीच, हे मी मुलांना शिकवणार नाही.

संच_पाच:
दोन्ही वह्या लागतीलच. फक्त तुलनेचं पहिलं वर्ष जपून निवडा. थर्मलचे 500 मेगावॅटचे वीजनिर्मिती संच 8 आणि 9 हे 2016 मध्ये आले, आणि 210 चे पहिले दोन संच आता बंद आहेत. 2015 पासून मोजलं तर एक उत्तर येईल, 2017 पासून दुसरं. एकूण टनाशेजारी दर युनिटमागचा कार्बनही लिहायला लावा. नाहीतर एखादा संच दुरुस्तीला बंद राहिला की ते वर्षही प्रगतीचंच दिसेल.