मदत हवी आहे: गाडीशिवाय कॉट्सवोल्ड्स

मंडळी, मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला जातोय. कॉट्सवोल्ड्स या तिथल्या टेकड्यांच्या भागातली गावं बघायचीच आहेत, पण तिथे गाडी चालवायची हिंमत नाही (स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, पण ते अरुंद रस्ते!). रेडिंगहून रेल्वेने मोर्टन-इन-मार्श, तिथून ८०१ नंबरच्या बसने बोर्टन-ऑन-द-वॉटर, पुढे लोअर स्लॉटरपर्यंत शेतांमधून पायी, इथवर जमलंय. घोडं अडलंय ते त्याच भागातल्या बायबरी गावापाशी. मोर्टनहून तिकडे बसने जाऊन त्याच दिवशी परतता येतं का, की सरळ टॅक्सी करावी? रविवारी बस फारच कमी असतात म्हणे, मग मुक्कामाला मोर्टन बरं की बोर्टन? हिचे गुडघे कुरकुरतात, तेव्हा फार चढ नसलेलीच वाट सांगा.