गाडी सेल्फ घेत नाहीये, जंप स्टार्ट करताना शेवटची काळी क्लिप नक्की कुठे लावायची?

बेसमेंटवाला
नमस्कार मंडळी. गणपतीला देवगडला गेलो होतो, या वेळी रेल्वेने, त्यामुळे गाडी १२ दिवस सोसायटीच्या बेसमेंटमध्ये तशीच उभी. काल आलो तर रिमोटने लॉक उघडेना, चावीने उघडली, सेल्फ मारला तर नुसतं टकटकटकटक आणि मीटरवरचे दिवे मिणमिणून गेले. पेट्रोल, मॅन्युअल, बॅटरी साडेचार वर्षांची. शेजारचे काका त्यांच्या गाडीच्या बॅटरीवरून केबलने माझी गाडी चालू करून द्यायला (म्हणजे जंप स्टार्ट) तयार आहेत, केबलपण आहे त्यांच्याकडे, पण ते म्हणतात लाल लालला काळी काळीला, विषय संपला. आणि युट्यूबवर सगळे सांगतायत शेवटची काळी क्लिप आपल्या बॅटरीला लावायचीच नाही, इंजिनला लावायची. इंजिनला म्हणजे कुठे राव, बोनेट उघडलं तर सगळं प्लॅस्टिकच दिसतंय. वॉचमन म्हणतो धक्का मारू. चुकीचं लावलं तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडतो म्हणे, म्हणून हात न लावता रिक्षाने ऑफिसला गेलो. कोणी नीट सांगेल का?

पाना_पक्कड
टकटक आवाज आणि दिवे मंद म्हणजे बॅटरीच उतरली आहे, स्टार्टर बहुतेक ठीक असणार. आधी बॅटरी नीट बघा. फुगली असेल, तडा असेल, ॲसिड ओघळलं असेल तर जंप वगैरे काही करायचं नाही, सरळ बॅटरीवाल्याला बोलवा. ठीक दिसली तर दोन्ही गाड्या जवळ घ्या पण एकमेकींना चिकटू देऊ नका, दोन्ही न्यूट्रलला, हँडब्रेक वर, चाव्या बंद, एसी दिवे बंद. हातात कडं अंगठी असेल तर काढून ठेवा, १२ व्होल्टचा शॉक बसत नाही पण अंगठी प्लस आणि बॉडीच्या मध्ये सापडली तर लालबुंद होते.
मग लाल क्लिप तुमच्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक काकांच्या प्लसला, काळी काकांच्या मायनसला, आणि काळीचं उरलेलं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कव्हरच्या रंगावर जाऊ नका, बॅटरीवरचं + चिन्ह बघा. काकांची गाडी चालू करून ५ मिनिटं तशीच ठेवा, मग तुमचा सेल्फ मारा, एका वेळी ५-७ सेकंदांच्या वर नाही. नाही झाली तर २ मिनिटं थांबून परत. चालू झाली की बरोबर उलट्या क्रमाने काढा, म्हणजे इंजिनवरची काळी पहिली. आणि काढताना सुटलेल्या क्लिपा एकमेकींना लागू देऊ नका, लोक नेमके गाडी चालू झाल्याच्या आनंदात तिथेच चुकतात.

घाटावरचा
२० वर्षं झाली काळी काळीलाच लावतोय, आजवर काही झालेलं नाही. उगाच घाबरवता लोकांना.

पाना_पक्कड
दादा गाडी तशीही चालू होते, त्याबद्दल वादच नाही. प्रश्न ठिणगीचा आहे. शेवटची क्लिप जिथे टेकते तिथे सर्किट पूर्ण होतं, म्हणून ठिणगी तिथेच उडते. आणि बॅटरीत करंट जायला लागला की हायड्रोजन सुटतो, तो पेट घेणारा वायू, मेंटेनन्स फ्री असली तरी तिला हवा जायला बारीक भोक असतंच. रोज काही होत नाही, पण ज्या दिवशी होतं त्या दिवशी तोंड बॅटरीच्या वर असतं आणि आत ॲसिड असतं. मी काम शिकलो त्या गॅरेजमध्ये एकदा बॅटरीचं झाकण छतापर्यंत उडालेलं बघितलंय, नशीब कोणी वाकलेलं नव्हतं. चार फूट केबल लांब नेऊन लावायला काय जातं. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत मायनसच्या टर्मिनलवर बॅटरीवर लक्ष ठेवणारा सेन्सर बसवलेला असतो, त्यांच्या माहितीपुस्तकातसुद्धा काळी क्लिप बॉडीच्या धातूला लावा असंच असतं.
@बेसमेंटवाला, प्लॅस्टिकचं घाबरू नका. इंजिन उचलायला एक लोखंडी हुक असतो, डोळ्यासारखं भोक असलेली जाड पट्टी, तो शोधा. नाहीतर रंग नसलेला जाड बोल्ट. फक्त पंखा आणि बेल्टपासून केबल लांब ठेवा.

नाशिकचा_मळेवाला
दोन गोष्टी राहिल्या. ट्रकवाल्याकडून कधी जंप घेऊ नका, तिथे २४ व्होल्ट असतात, तुमचं ईसीएम खरंच जाईल. आणि केबल बघून घ्या. सिग्नलवर मिळतात त्यात वर जाडजूड रबर आणि आत केसाएवढी तार, सेल्फ मारला की गरम होते आणि गाडी ढिम्म. आतली तार निदान १६ चौरस एमएमची हवी. टर्मिनलवर पांढरी हिरवी बुरशी असेल तर आधी साफ करा, निम्म्या वेळा तेच कारण असतं.

ढकलगाडी
मॅन्युअल आहे तर दुसऱ्या गिअरला टाकून धक्का द्या ना, एवढं रामायण कशाला

पाना_पक्कड
दिवे मिणमिणत असतील तर कधीकधी होते, पण बॅटरी पार मेलेली असेल तर फ्युएल पंप आणि ईसीएमलाच करंट मिळत नाही, ढकलून काय होणार. शिवाय इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड, ब्रेक दगड. बेसमेंटमध्ये खांबाला नको.

बेसमेंटवाला
झाली!! हुक सापडला, एअर फिल्टरच्या डब्यामागे होता. बारीकशी ठिणगी तिथेच उडाली, काका बघत होते, काही बोलले नाहीत. दुसऱ्या प्रयत्नात चालू. मग बंद न करता कात्रज ते वाकड बायपासने तासभर फिरवली, तरी आज सकाळी परत सेल्फ जड. बॅटरीवाल्याने येऊन लोड टेस्ट केली, बॅटरी गेली म्हणाला, जुनी घेऊन नवी बसवली. आणि कारण पण कळलं, डॅशकॅम पार्किंग मोडला होता, १२ दिवस बेसमेंटचा खांब शूट करत बसलेला. काकांना सांगितलं तर म्हणाले, शेवटी केबल माझीच लागली ना.