आयक्यूएसीचं काम वर्षभरात कसं बसवावं? एक्यूएआर, सीओ अटेनमेंट आणि डीव्हीव्ही

नवा_समन्वयक

नमस्कार. आमचं तालुक्याच्या गावातलं अनुदानित कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय आहे, नॅकच्या (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद) दोन सायकल, म्हणजे मूल्यांकनाच्या फेऱ्या, झाल्या आहेत. या वर्षापासून आयक्यूएसीची (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची) जबाबदारी माझ्याकडे आहे. नॅकला जाणारे वार्षिक गुणवत्ता अहवाल, म्हणजे एक्यूएआर, दरवर्षी वेळेत गेले आहेत, पण जुन्या फायली पाहिल्यावर सगळी माहिती डिसेंबरमध्येच धावपळीत गोळा केलेली दिसते. काम वर्षभर कसं वाटून घ्यावं? सीओ अटेनमेंट (विषयाची ठरलेली फलितं, म्हणजे कोर्स आउटकम, किती साध्य झाली) काढून पुढे त्याचं करायचं काय? आणि डीव्हीव्हीत (नॅककडून होणाऱ्या माहितीच्या पडताळणीत) आकडे कुठे कापले जातात?

प्राचार्य_कक्ष

सर, घोळ डिसेंबरमुळेच होतो. शैक्षणिक वर्ष संपतं मे-जूनमध्ये आणि एक्यूएआरची मुदत ३१ डिसेंबर. मधल्या काळात रासेयोचे (राष्ट्रीय सेवा योजना) कार्यक्रम अधिकारी बदलतात, सीएचबीवरचे (तासिका तत्त्वावरचे) शिक्षक निघून जातात, मग हजेरीची यादी मागायची कोणाकडे? म्हणून नियम एकच ठेवा: कार्यक्रम झाल्यापासून आठ दिवसांत नोटीस, सह्यांची यादी, एक पानाचा अहवाल, दोन जिओटॅग फोटो आणि खर्च झाला असेल तर व्हाउचर, हे सगळं स्कॅन होऊन त्या मेट्रिकच्या (नॅकच्या क्रमांक दिलेल्या मोजणीच्या मुद्द्याच्या) क्रमांकाच्या फोल्डरमध्ये पडलं पाहिजे. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की त्यातली ठिकाणाची मूळ नोंद निघून जाते. ठिकाण आणि तारीख फोटोवरच उमटवणारं अ‍ॅप वापरा.

आयक्यूएसीच्या बैठका तिमाहीला किमान एक आणि गणपूर्ती दोन-तृतीयांश. बहुतेक ठिकाणी अडतं ते इथेच, कारण उद्योजक, माजी विद्यार्थी, गावातले प्रतिनिधी ऐनवेळी येत नाहीत. चारही तारखा जूनमध्येच ठरवून त्यांना लेखी कळवा. त्यातही तारीख अशी धरा की आयक्यूएसीची बैठक महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीच्या दहा-पंधरा दिवस आधी येईल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ नुसार ती समितीही वर्षातून किमान चार वेळा भरते आणि आयक्यूएसी समन्वयक तिचा सदस्य असतो. पैसे लागणारा ठराव त्या समितीच्या अंदाजपत्रकात गेला नाही तर तो इतिवृत्तातच राहतो. पुढच्या बैठकीच्या कार्यवाही अहवालात मग ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच लिहावं लागतं, आणि पीअर टीम (नॅकची पाहणी समिती) नेमकं तेच पान उघडते.

इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ लिहू नका. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, किती खर्च, हे चार रकाने असू द्या.

सांख्यिकी_विभाग

अटेनमेंटबद्दल सविस्तर लिहितो, कारण संलग्न महाविद्यालयांत सर्वात जास्त कागद याचेच होतात आणि उपयोग सर्वात कमी.

उदाहरण घ्या. वर्गात ६० विद्यार्थी, अंतर्गत परीक्षेत सीओ-२ वर १० गुणांचा प्रश्न. लक्ष्य ठरलं ५ गुण. ३९ जणांनी ते गाठलं, म्हणजे ६५ टक्के. तुमची पातळी ५० ते ५९ टक्क्यांना १, ६० ते ६९ ला २, ७० च्या वर ३ अशी असेल तर अंतर्गत अटेनमेंट २. विद्यापीठ परीक्षेत लक्ष्य गाठणारे ३३, म्हणजे ५५ टक्के, पातळी १. अंतर्गत-बाह्य भारांक ३०:७० असेल तर (०.३ × २) + (०.७ × १) = १.३. या एकत्रित आकड्याचं लक्ष्य १.८ होतं, म्हणजे ०.५ कमी पडलं.

इथवर एक्सेल करतं. अडचण पुढे आहे. विद्यापीठाकडून महाविद्यालयाला प्रश्ननिहाय गुण मिळत नाहीत, फक्त एकूण मिळतात. मग तीच पातळी सगळ्या सीओंना लावली जाते आणि ७० टक्के भारांकामुळे पाचही सीओ जवळजवळ सारखे दिसतात. कुठला घटक कच्चा राहिला हे त्यातून कळणारच नाही. अहवालासाठी एकत्रित आकडा ठेवा, पण निर्णय अंतर्गत परीक्षेच्या प्रश्ननिहाय गुणांवर घ्या. त्यासाठी प्रश्नपत्रिका काढतानाच प्रत्येक प्रश्नापुढे सीओ क्रमांक छापलेला हवा. नंतर बसून जुळवलेलं मॅपिंग ओळखू येतं: सगळ्या चौकटींत ३, म्हणजे सर्वात पक्का संबंध, भरलेले असतात.

शेवटी विभागाच्या बैठकीत एकच नोंद करा: ‘सीओ-२ मध्ये कमी, कारण अमुक, पुढच्या सत्रात दोन ट्युटोरियल वाढवली’, आणि पुढच्या वर्षी त्याच सीओचा आकडा तिच्या शेजारी लिहा. माझ्या मते २.६.२ या अटेनमेंटच्या मेट्रिकचा याहून चांगला पुरावा नाही.

परीक्षा_समिती

वरच्या मुद्द्याला एक पुरवणी. लक्ष्य वर्षाच्या सुरुवातीलाच विभागाच्या ठरावाने नक्की करा. निकाल लागल्यावर लक्ष्य १.८ वरून १.२ वर आणून ‘साध्य’ लिहिणं फार चालतं, आणि मग हा सगळा हिशेबच खोटा ठरतो. विद्यार्थ्यांचं त्यात काहीच भलं नाही.

डीव्हीव्ही_मदत

आकडे कापले जाण्याच्या नेहमीच्या जागा सांगते.

राखीव जागांचं मेट्रिक (२.१.२): एखाद्या प्रवर्गाला १३ जागा राखीव आणि प्रवेश २० झाले, तरी १३ च धरायचे. सगळे २० भरले की टक्केवारी शंभराच्या वर जाते आणि लगेच स्पष्टीकरण मागितलं जातं. आरक्षणाचा शासन निर्णय मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर प्राचार्यांच्या सही-शिक्क्याने जोडा.

शिष्यवृत्ती: महाडीबीटीची (शासनाच्या पोर्टलवरची) आणि एखाद्या खासगी ट्रस्टची अशी दोन्ही मदत एकाच विद्यार्थ्याला एकाच वर्षी मिळाली असेल तर तो एकदाच मोजायचा. दोन याद्यांची नुसती बेरीज केली की आकडा फुगतो.

विस्तारकार्य: आवारात आपल्याच विद्यार्थ्यांसाठी साजरा केलेला ‘दिन’ यात टिकत नाही. गावात जाऊन केलेलं काम हवं.

आणि विद्यार्थिसंख्या! एआयएसएचईला (उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण) ठरलेली संदर्भ तारीख असते. कार्यालय तिथे एक संख्या देतं, एक्यूएआरमध्ये वर्षअखेरची दुसरी जाते. कुठली संख्या कुठल्या तारखेची, हे मुख्य लिपिकांबरोबर बसून एकदाच लिहून ठेवा.

नवा_समन्वयक

सर्वांचे मनापासून आभार. सीएचबीच्या शिक्षकांचं काय? आमच्याकडे मंजूर पदं २४, भरलेली १३. शिकवणं बरंचसं सीएचबीवरच चालतं.

डीव्हीव्ही_मदत

नॅकच्या व्याख्येत पूर्णवेळ शिक्षक म्हणजे पूर्ण शैक्षणिक वर्षात नेहमीच्या कामाच्या किमान ९० टक्के तास काम करणारा. तासिका तत्त्वावरचे त्यात बसत नाहीत. तेव्हा २.४.१ मध्ये (मंजूर पदांपैकी पूर्णवेळ शिक्षक) १३ भागिले २४, म्हणजे ५४ टक्केच जातील. संस्थेने स्वतःच्या पगारावर पूर्ण वर्षासाठी नेमलेले शिक्षक असतील तर नियुक्तीपत्र, मंजुरीचं पत्र आणि वर्षभराची वेतनपत्रकं लागतील.

प्राचार्य_कक्ष

आणि ही ५४ टक्क्यांची वस्तुस्थिती झाकू नका. पदभरतीसाठी शासनाकडे केलेला पत्रव्यवहार तारखांसकट लावा आणि नॅकच्या सहाव्या निकषाच्या (कारभार आणि नेतृत्व) वर्णनात रिक्त पदं स्पष्ट लिहा. सीएचबीच्या सहकाऱ्यांचे तास, त्यांचे निकाल, त्यांनी घेतलेले उपक्रम यांची नोंद मात्र विभागात वेगळी ठेवा. मेट्रिकमध्ये त्यांना जागा नसली तरी पीअर टीम विभाग पाहते तेव्हा वर्ग कोण सांभाळतं हे त्यांना दिसलं पाहिजे.