बाबांनी दीक्षाभूमीवरून आणलेला भाषणाचा तक्ता: किती जुना असेल?

अजनीकर
नमस्कार मंडळी. माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेले की पुस्तकांच्या दुकानांतून एखादं छापील भाषण घेऊन यायचे. असे अकरा तक्ते घरी आहेत. त्यातला बाबांचा सगळ्यात लाडका म्हणजे बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणाचा. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार, हा परिच्छेद बोरूच्या वळणदार अक्षरात आहे. शाई काळी, 'विसंगती' तेवढा लाल. बाबांना वाचता जेमतेम यायचं, पण हा परिच्छेद मला समोर उभं करून म्हणून घ्यायचे.

मागच्या पावसाळ्यात कागदावर तपकिरी ठिपके उमटले आणि डावा कोपरा काचेला चिकटला. फ्रेमवाला म्हणतो, कडा कापून लॅमिनेशन करून टाका. माझं मन धजत नाही. हे शिळाप्रेसचं (दगडावरून छापलेलं) काम आहे की ऑफसेट (पत्र्यावरून रबरी रोलरमार्फत छापलेलं)? आणि साधारण कधीचं?

खिळेजुळारी
दादा, लॅमिनेशन अजिबात नको! गरम रोलरखालून गेलेला कागद पुन्हा मोकळा होत नाही. कडा तर कापूच नका. छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालणं १८६७ च्या कायद्यानं सक्तीचं होतं. ती बारीक ओळ बहुतेक खालच्या कडेलाच असते.

आता लाल शब्दावर भिंग धरा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर जुन्या तक्त्याच्या फोटोवरून केलेलं चाररंगी ऑफसेट. लाल सलग असेल, तर ती शाई वेगळी फिरवली आहे. मग पाठीवरून हलकं बोट फिरवा. उठाव लागला तर ब्लॉक (उठावदार ठसा) करून लेटरप्रेसवर, म्हणजे ठसा कागदावर दाबून, काढलंय. पाठ सपाट असेल तर शिळाप्रेस किंवा साधं ऑफसेट. त्या दोघांतला फरक घरबसल्या ठरवणं अवघड आहे.

चिकटलेला कोपरा ओढू नका. पाण्याचा, वाफेचा प्रयोगही नको.

महालची ताई
भाऊ, अनुस्वार बघा. 'जीवनांत', 'नाहीं' असं लिहिलंय का? १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे अनुस्वार गेले. जुन्या हाताचे लोक पुढेही लिहीत राहिले, त्यामुळे हा पक्का पुरावा नाही, पण अंदाज येतो.

बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूरच का निवडलं ते १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात सांगितलं होतं. त्याचा तक्ता आहे का तुमच्याकडे? मी कधीची शोधतेय.

धरमपेठ
तक्ता कूलरच्या खोलीत आहे का? असेल तर आजच हलवा. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर कोरडं ठणठणीत असलं तरी कूलरच्या खोलीतला कागद ओल धरतो. पुढच्या फ्रेमला आम्लमुक्त माउंट (काच आणि कागदामधली पुठ्ठ्याची चौकट) लावा, म्हणजे कागद काचेला टेकणार नाही.

अजनीकर
कूलरच्या समोरच्याच भिंतीवर होता! रात्री मागचा पुठ्ठा काढून काचेसकट बाहेर घेतला. लाल सलग आहे. पाठीवरून हात फिरवला तर 'विसंगती'चा वि बोटाला लागतो. 'जीवनांत'वर अनुस्वार आहे. आणि फ्रेमच्या लाकडाखाली झाकलेली ओळ सापडली. छापखान्याच्या नावावर नेमका तपकिरी ठिपका आलाय, पण 'नागपूर' स्वच्छ वाचता येतं. फ्रेमवाला हीच पट्टी कापणार होता.

ताई, उरलेले दहा उद्यापासून काढतो. तुमचं भाषण त्यात असेल तर लगेच कळवतो.